विळीची धार घरच्या घरी

(सक्करदरा येथील महिला मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला बोलावलेल्या पाहुणीने कशावर बोलावे याचे संकेत आता ठरून गेले आहेत. स्त्रीची उन्नती, मुलांवरील संस्कार, संसारातील काटकसर. हे विषय मोठे आहेत आणि त्यांवर माझ्याहून चांगले बोलणाऱ्या भगिनी याच सभेत बसलेल्या आहेत. चिटणीसबाईंनी मला एवढेच सांगितले होते की, घरी गेल्यावर उपयोगी पडेल असे काहीतरी सांगा. म्हणून मी हातात कागद कमी आणि पिशवीत दगड जास्त घेऊन आले आहे. आजचा माझा विषय विळी आणि सुरी यांना घरच्या घरी धार कशी लावावी, हा आहे.

बायकांच्या जिभेला धार असते असे ज्यांनी लिहून ठेवले, त्यांनी आपल्या स्वयंपाकघरातील विळीकडे कधी पाहिले नसावे. दहा घरांत जाऊन पाहा, आठ घरांत ती बोथट असते. खंडेनवमीला आपण तिला हळदकुंकू लावतो, झेंडूचे फूल वाहतो, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच बोथट पात्यावर कोहळे ठेवून त्यावर अंगाचा सगळा भार टाकतो. शस्त्रपूजेची मोठी परंपरा असलेल्या भोसल्यांच्या या नागपुरात शस्त्राची अशी दैना फक्त स्वयंपाकघरात होते!

धारदार विळी घातक आणि बोथट विळी निर्धोक, हा समज पहिल्याने सोडून द्यावयास पाहिजे. धारेचे पाते भाजीत आपल्या वजनाने उतरते. हाताला फक्त दिशा द्यावी लागते. बोथट पाते भाजीवर टेकते पण शिरत नाही. मग आपण जोर करतो. जोर वाढत जातो आणि एका क्षणी साल फुटते, पाते सटकते, आणि तो सगळा जोर बोटावर येतो. पोळ्याच्या दिवशी आपल्याकडे कोहळ्याची भाजी असते. त्या दिवशी सकाळी किती घरांत बोटाला चिंधी बांधलेली असते, ते आठवून पाहा. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या चिरायच्या असतात. पहाटेपासून चार-चार तास जमिनीवर बसून, मान वाकवून, दाब देत देत चिरणाऱ्या बाईचे मनगट आणि अंगठ्याचा सांधा संध्याकाळी काय म्हणतो, हे त्या घरातील जेवणाऱ्यांना ठाऊक नसते. ज्यांना मधुमेह आहे त्यांची जखम लवकर भरत नाही. ज्यांच्या बोटांत संधिवात शिरला आहे त्यांना तर जोर देताच येत नाही, आणि मग 'आई, तुम्ही राहू द्या' असे म्हणून त्यांच्या हातातून विळी काढून घेतली जाते. कित्येकदा दोष हातांचा नसतो, पात्याचा असतो. या कारणाने जिचे स्वयंपाकघर सुटले अशा बाईला आठ आण्यांच्या कामाने ते परत मिळू शकते, असे मी म्हणते तेव्हा अतिशयोक्ती करीत नाही.

चवीचीही गोष्ट आहे. आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि सांबारवडी हा आपला मान. बोथट पात्याने सांबार कापला जात नाही, चेचला जातो. त्याचा रस फळीवर उतरतो आणि पाने काळी पडतात. कांद्याचेही तसेच. कांद्याच्या पेशी फुटल्या की डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार होतो. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ साली कांदा चिरताना उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांची अतिवेगवान कॅमेऱ्याने छायाचित्रे घेतली. त्यांना दिसले की बोथट पाते सालीवर दाब साठवीत जाते, आणि साल फुटली की रसाचे तुषार अधिक संख्येने आणि अधिक वेगाने उडतात. म्हणजे सासूने रडवले असे जे वाटते, त्यातले थोडे विळीच्या खाती टाकावे लागेल.

आता धार म्हणजे काय, ते पाहू. पात्याच्या दोन बाजू उतरत उतरत जिथे एकमेकींना भेटतात ती रेघ म्हणजे धार. ती रेघ जितकी बारीक तितकी धार चांगली. रोजच्या वापराने ती रेघ गोल होते, कुठे दुमडते, कुठे तिला खांड पडते. धार लावणे म्हणजे या दोन्ही उतारांवरून थोडे थोडे लोखंड घासून काढून, त्यांना पुन्हा एका रेघेत भेटवणे. यात जादू काही नाही. लोखंडापेक्षा कठीण वस्तू लागते आणि हात एका कोनात स्थिर ठेवावा लागतो, एवढेच.

ती कठीण वस्तू आपल्या आयांनी कधी विकत आणली नव्हती. दाराची दगडी पायरी, धुण्याचा दगड, पाट्याची कड, आणि लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीचे बूड. बरणी उलटी करून पाहा. बुडाच्या कडेला झिलई नसते, ती खरखरीत कड असते. भाजलेली ती माती साध्या पोलादाहून कठीण असते. चहाच्या चिनी मातीच्या कपाच्या बुडालाही अशीच कड असते. पाहुणे दारात आणि सुरी बोथट अशी वेळ आली, तर कपाच्या बुडावर दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा हलक्या हाताने सुरी फिरवावी. दिवस निघून जातो.

पण नेहमीसाठी दगड घ्यावा. धार लावण्याच्या दगडाला आपण निसणा म्हणतो. जुन्या काळी कुरुंद दगडाला मोठा मान होता, आणि या कुरुंदाची गोष्ट मला सांगितल्यावाचून राहवत नाही. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम्. अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातून हा दगड युरोपात अभ्यासाला गेला आणि जाताना आपले नावही घेऊन गेला. आज जगभरची खनिजशास्त्राची पुस्तके त्याला 'कोरंडम' म्हणतात. माणिक आणि नीलम हे याच खनिजाचे रंगीत प्रकार. कठीणपणाच्या मापात हिऱ्याला १०, तर कुरुंदाला ९. साध्या गारेला ७. आणि हा कुरुंद फार दुरून येतो असेही नाही. आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात पोहऱ्याच्या परिसरात तो सापडतो. पुढे १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन नावाचा गृहस्थ विजेच्या भट्टीत कृत्रिम हिरे करू पाहत होता. हिरे झाले नाहीत, पण चकाकणारे अतिशय कठीण स्फटिक निघाले. त्यांत कार्बन आणि कोरंडम मिसळले असावे अशा समजुतीने त्याने त्यांना 'कार्बोरंडम' म्हटले. समजूत चुकीची होती, नाव मात्र टिकले. आपल्याकडे मद्रासला १९५४ साली कार्बोरंडम युनिव्हर्सल हा कारखाना निघाला. बाजारात आज राखी-काळ्या रंगाचा जो दोन बाजूंचा दगड मिळतो तो बहुधा या कार्बोरंडमचाच असतो. म्हणजे तमिळ कुरुंदम् अमेरिकेला जाऊन, नवीन आडनाव घेऊन, आपल्या बुधवार बाजारात परत आला आहे.

दगड घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. त्याची एक बाजू जाड कणांची आणि दुसरी बारीक कणांची असावी. दगडावर आकडा असेल तर लक्षात ठेवा, आकडा जितका मोठा तितका कण बारीक. खांडे पडलेल्या पात्याला १२० किंवा २४०चा दगड हवा. नेहमीच्या धारेला ४०० ते १००० पर्यंतचा. दुसरे, तो सपाट असावा. सरळ फूटपट्टी आडवी धरून पाहिली की कळते. इतवारीत लोहाओळीच्या बाजूला गेलात तर हातात घेऊन, निवडून घेता येतो.

आता सुरीची कृती सांगते.

दगड दहा मिनिटे पाण्यात भिजत ठेवावा. ओल्या फडक्याची घडी ओट्यावर घालून त्यावर दगड ठेवावा, म्हणजे तो सरकत नाही. कित्येक जणी दगडावर तेल घालतात. तेही चालते, पण एकदा तेल पाजलेल्या दगडावर पुन्हा पाणी धरत नाही. तेव्हा एकच काहीतरी ठरवावे. मी पाण्याच्या बाजूची आहे. स्वस्त, स्वच्छ आणि घरात नेहमी असणारे.

सुरी दगडावर टेकवायची ती किती उभी? इथेच सगळे अडते. आपल्या सुऱ्यांना प्रत्येक बाजूने सुमारे वीस अंशांचा कोन चांगला. अंश मोजायला कंपासपेटी नको. कागदाचा काटकोनी कोपरा घ्या. तो एकदा दुमडला की पंचेचाळीस अंश, पुन्हा दुमडला की साडेबावीस. तो त्रिकोण दगडावर उभा ठेवून सुरी त्याच्याशी लावून पाहा. डोळ्याला एकदा अंदाज आला की झाले. आणखी सोपा हिशेब असा की, पाते तीन सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून एक सेंटिमीटर उचलावी. म्हणजे बहुतेकींच्या करंगळीहून किंचित कमी. कोन अर्धा अंश इकडे-तिकडे झाला तरी बिघडत नाही. दर खेपेला निराळा झाला तर मात्र धार कधीच येत नाही. येते ती गोल येते. पाठीचा हात घट्ट, मनगट स्थिर, आणि हालचाल खांद्यातून.

साबणाच्या वडीचा पातळ काप काढावा तशी, मुठीपासून टोकापर्यंत, सुरी दगडावरून पुढे न्यावी. टोकाकडे पाते वळते तिथे मूठ थोडी वर उचलावी, नाहीतर टोक बोथट राहते. दगडावर करडा लगदा जमेल. तो पुसू नये, तोही कामच करतो. किती वेळा घासायचे हे विचारू नका. आकड्यावर धार लागत नाही. खूण निराळी आहे. एक बाजू पुरेशी घासली गेली की दुसऱ्या बाजूला काठावर लोखंडाची अगदी बारीक मुरड उठते, करंजीच्या कडेला आपण घालतो तशी, पण डोळ्याला क्वचितच दिसणारी. अंगठा पाठीकडून धारेकडे हलकेच आडवा नेला की ती नखाला अडते. अंगठा धारेच्या लांबीने कधीही फिरवू नये, आडवाच न्यावा. ही मुरड मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे लागली की समजावे, ही बाजू झाली. मुरड येण्याच्या आधी बाजू बदलणे हेच धार न येण्याचे मुख्य कारण. बहुतेकजणी दहा वेळा इकडे, दहा वेळा तिकडे घासून कंटाळून उठतात, आणि दगडाला नावे ठेवतात.

मग सुरी उलटून दुसरी बाजू तशीच. तिथेही मुरड उठली की दगडाची बारीक बाजू वर करावी आणि तेच काम हलक्या हाताने. शेवटी एकदा ही बाजू, एकदा ती बाजू, दाब कमी कमी करीत, सुरीच्या फक्त वजनाने. एवढ्याने मुरड बरीचशी निघून जाते. राहिलेली काढायला न्हाव्याची युक्ती. तो वस्तऱ्याला चामड्याच्या पट्ट्यावर फिरवतो ते याचसाठी. घरात जुना चामडी कमरपट्टा असतोच. तो ओट्यावर ताणून धरावा आणि सुरी पाठ पुढे, धार मागे अशी ओढावी. धार पुढे केली तर पट्टा कापला जाईल, आणि घरच्या यजमानांना आणखी एक कारण मिळेल.

परीक्षा टोमॅटोवर करावी. पिकलेल्या टोमॅटोची साल जी सुरी दाबल्याशिवाय धरते तिला धार आली. पहिल्यांदा या सगळ्याला अर्धा तास लागेल. पुढे महिन्यातून एकदा दहा मिनिटे पुरतात.

विळीची, म्हणजे आपल्या पावशीची, गोष्ट निराळी. तिचे पाते पाटात रोवलेले आणि वळणदार. ते दगडावर आणता येत नाही, दगड त्याच्याकडे न्यावा लागतो. यासाठी हातात मावेल असा लहान दगड घ्यावा. पाट भिंतीला टेकवावा म्हणजे मागे सरकत नाही. भाजी चिरायला बसतो तसे धारेसमोर बसू नये. बाजूने बसावे, पात्याची पाठ आपल्याकडे. डाव्या हाताने जाड फडक्यातून पात्याची पाठ धरावी. उजव्या हातातील ओला दगड पात्याच्या उतारावर टेकवून पाठीकडून धारेकडे न्यावा, बुडाशी सुरुवात करून वर जात जात. दगड धरलेली बोटे दगडाच्या मागेच राहिली पाहिजेत, कडेच्या बाहेर एकही पेर येता कामा नये. धारेकडून पाठीकडे, म्हणजे धारेच्या तोंडावर, दगड कधीही चालवू नये. हे काम लहान मुले झोपलेली असताना करावे, आणि कुणी हाक मारली तर आधी दगड खाली ठेवून मग 'ओ' द्यावी.

आणखी एक पाहून ठेवावे. काही विळ्यांना उतार एकाच बाजूला असतो, दुसरी बाजू सपाट. अशा पात्याची उताराचीच बाजू घासावी. सपाट बाजूवर दगड अगदी आडवा ठेवून मुरड तेवढी पुसून काढावी. सपाट बाजूला उतार पाडलात तर पाते भाजीत तिरपे जाऊ लागते.

धातूविषयी थोडेसे. काळे पडणारे, गंजणारे जुने पाते दिसायला गरीब, पण धार उत्तम घेते. लोहाराने कमानपाट्याच्या तुकड्यातून केलेली विळी असेल तर ती टाकू नका. चिंच-लिंबाने ती काळी होते, तेव्हा काम होताच धुऊन, पुसून, तेलाचे बोट फिरवले की झाले. न गंजणारे पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली केले, आणि सुऱ्यांत सुमारे तेरा टक्के क्रोमियम असलेले पोलाद वापरले जाऊ लागले. त्यातले चांगले असते ते फार चांगले. पण भांड्यांच्या दुकानात पातळ पत्र्याच्या ज्या चकचकीत सुऱ्या मिळतात त्या मऊ असतात. धार लवकर येते आणि लवकर जाते. दातेरी सुरी आणि पांढऱ्या सिरॅमिकची सुरी यांच्या वाटेला या दगडाने जाऊ नये.

ही लोखंडाची विद्या आपल्या भागात परकी नाही, हेही जाता जाता सांगते. नागपूर जिल्ह्यात नैकुंड येथे डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ ते १९८० या काळात उत्खनन केले, तेव्हा लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. तिचा काळ ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या आसपासचा धरला जातो. जुनापाणी, माहुरझरी येथील शिळावर्तुळेही त्याच लोकांची. तेव्हापासून या मातीत कुणी ना कुणी पाते घासत बसलेला आहे.

आता तुम्ही विचाराल, मग दारावर येणाऱ्या धारवाल्याचे काय? त्याच्या पोटावर पाय आणण्याचा माझा हेतू नाही. एके काळी तलवारींना धार आणि झिलई देणारे ते शिकलगार. पायाने फिरणारे चाक, पाणी शिंपडीत हळू चालवणारा जुना कारागीर भेटला तर त्याच्यासारखे काम घरी होत नाही. मोठी खांड पडली, कात्री बोथट झाली, अडकित्त्याचे पान वाकडे झाले, ते त्याच्याकडेच द्यावे. फक्त विजेच्या चाकावर कोरडे पाते दाबून ठिणग्यांचा पाऊस पाडणारा असेल तर 'दादा, पाणी घ्या' म्हणून सांगावे. ठिणग्या पाहून मुले खूष होतात, पण धार तापते. पोलादाला दिलेले पाणी दोनशे अंशांच्या पुढे उतरू लागते आणि तीनशेच्या सुमारास काठावर निळी झाक दिसते. तो निळा भाग मऊ झाला, तो दोन दिवसांत बोथट होणार. शिवाय चाक एका खेपेत जेवढे लोखंड खाते तेवढे घरचा दगड वर्षभरात खात नाही. कित्येक घरांत सासूबाईंच्या वेळची विळी झिजून चंद्रकोरीसारखी झालेली दिसते, ती अशीच.

आणि धारवाला आला नाही तर? आता गल्ल्यांत त्याची आरोळी क्वचित ऐकू येते. मग घरातील पुरुषांना सांगायचे. ते 'रविवारी पाहू' म्हणतात. असे कित्येक रविवार जातात. आपल्या मंडळातील ज्या भगिनी डबे करून देतात, पोळीभाजीचे काम घेतात, त्यांना विचारा. रोज आठ-दहा किलो भाजी चिरणाऱ्या बाईला रविवारची वाट पाहणे परवडत नाही. गवंड्याची थापी, शिंप्याची कात्री, चांभाराची रापी ज्याची त्यानेच सांभाळायची असते, आणि ती परजताना त्यांना कुणी हसत नाही. बाईने दगड हातात घेतला की मात्र 'आज कुणावर?' असा विनोद ठरलेला. तो ऐकून घ्यावा आणि घासत राहावे.

धार टिकवण्याचे दोन-तीन शब्द. ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटलीत चिरू नये. दगड आणि धातू धारेचे वैरी. लाकडाची फळी वापरावी. चिरलेली भाजी फळीवरून ओढायची ती सुरीच्या पाठीने. भांड्यांच्या ढिगात सुरी टाकू नये. तिची धारही जाते आणि भांडी घासणाऱ्या बाईचा हातही कापतो. धार लावल्यावर पाते साबणाने धुवावे, त्या करड्या लगद्यात लोखंडाचा आणि दगडाचा चुरा असतो. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवावे की आज धार लावली आहे. सवयीच्या जोराने पहिल्या दिवशी बोट कापते.

दगड मध्ये खोलगट झाला तर तोही सरळ करता येतो. फरशीवर बारीक वाळू आणि पाणी घालून त्यावर दगड पालथा घालून गोल गोल घासावा.

टेबलावर तीन दगड भिजत ठेवलेले आहेत आणि शेजारी दोन किलो टोमॅटो. चिटणीसबाईंच्या निरोपाप्रमाणे ज्यांनी आपापल्या सुऱ्या आणि पावश्या कापडात गुंडाळून आणल्या असतील त्यांनी एकेक करून पुढे यावे. डबेवाल्या भगिनींनी आधी यावे, त्यांना सहाला चूल पेटवायची आहे.